सूत

रबाळ्यात माझं लेथ आहे, बटालाचं.
बेड झिजलाय, माझ्या हाताला तरी सरळ चालतं.
घणसोलीहून कुंडलिक भोईर आला,
टेम्पोला दोर बांधून मागे जीप ओढत,
आणि टेम्पोत आडवं निजवलेलं डिझेल इंजिन,
जेट्टीवर बर्फ पोचवणाऱ्या मॅटाडोरचं.
मॅटाडोर कुजली. इंजिन उरलं.
बोल्टच्या खाचांत अजून मीठ होतं.

म्हटलं, काका, एवढा खर्च करताय, नवं घ्या.
म्हणाला, नव्याला कॉम्प्युटर लागतो,
याला पाना कळतो.

गिअरबॉक्स एका घरचा, इंजिन दुसऱ्या,
भोकावर भोक बसत नाही.
मधे प्लेट लागते, पंचवीस एमएमची,
एका अंगाला याची भोकं, दुसऱ्या अंगाला त्याची,
आणि मोठा गाळा बरोब्बर मध्यावर.
एक सूत सरकलं की क्लच रडतो,
अर्ध्या सुतात बेअरिंग जातं.
सूत जुळणं आम्ही याला म्हणतो.
लोक ते माणसांबद्दल बोलतात.

पहिली प्लेट मी वाया घालवली.
मोजली बरोबर, धरली उलटी.
सगळी भोकं आरशातल्यासारखी.

दुसरीच्या वेळी तो स्टुलावर येऊन बसला,
डायल गेजचा काटा बघत.
मग काट्याकडेच बघत बोलला,
ही जीप सर्व्हेची.
तो दहा वर्षांचा असताना भाताच्या बांधाशी थांबली होती.
साखळी टाकली, खुंट्या मारल्या, चुना ओढला.
बापाला वाटलं पाहुणे आले,
तांब्याभर पाणी नेऊन दिलं.
“आमचे शेतान आली ना, तवा आवाजच न्हवता तिचा.
पेट्रोल ना. मांजरावानी आली.”

पुढे ती लिलावात निघाली
तेव्हा बापाने मोबदल्याच्या पैशांतून घेतली.
कशाला, ते कोणालाच सांगितलं नाही.
त्याला चालवता येत नव्हती.
बॉनेटवर सुकट वाळत घालायचा.

मी फीड चालू ठेवला.
हे लेथ उभं आहे तिथेही कोणाचा तरी बांध असेल,
मला प्लॉट नंबर तेवढा माहीत.

संप अ‍ॅक्सलला लागत होता. कापला, खोबणी केली, वेल्ड मारला.
रेडिएटर चार बोटं पुढे नेला.
एजंटने चेसिस नंबरावर कागद धरून
पेन्सिल घासली, आकडे उमटले.
म्हणाला, आरसी बुकात इंजिन नंबर बदलावा लागेल.
“म्हंजे फेरफार,” कुंडलिक हसला,
“सातबाऱ्यावरशी आमचा नाव गेला तसाच.”

पेट्रोलचं इंजिन भंगारात घालू का, विचारलं.
घाल म्हणाला.
पण वजन करताना काट्याला खेटून उभा राहिला.
मोजणीला हजर असावं माणसाने, एवढंच बोलला.

शेवटच्या दिवशी लाइनमधली हवा काढली.
नट सैल केला, पुतण्या हातपंप मारत राहिला.
फेस, बुडबुडे, थुंकी,
मग एकसलग धार.
हीटर लावून मनात वीस मोजले.
पहिल्या चावीला नुसता उसासा. दुसरीला धूर.
तिसरीला
पत्र्यावर कोणी पोतंभर खिळे ओतावेत
तसं ते जागं झालं.
फळीवरचे पाने चालत चालत खाली पडले,
शेजारच्या गाळ्यातला कामत
हातात अर्धा वडापाव घेऊन बाहेर आला.

मी ओरडलो, काका, माउंटिंगला मऊ रबर घालू?
आवाज बसेल!
त्याने कानामागे हात धरला.
मी परत ओरडलो.
पहिल्यांदाच ऐकू आलं होतं त्याला.
“नको,” म्हणाला,
“आता अख्खे गावाला आयकाला आला पायजे.”

जीप गेली.
घणसोलीच्या वळणापर्यंत मी कान लावून उभा होतो.
त्या सगळ्या खडखडाटात
प्लेटचा आवाज नव्हता.